सत्यशीलाची राखण

डंपर चालवणाऱ्या बायका सूरजागडच्या लोहखाणीवर आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. सत्यशीला रामटेके त्यांच्यातलीच एक. माहेर कुरखेड्याचं, वय सत्तावीस. एटापल्लीत ती आणि रिना एका खोलीत भाड्याने राहायच्या. रिना चार वर्षांनी लहान, खाणीवर मागून लागलेली. चढावर डंपर कसा सांभाळायचा, मागे घेताना मान कुठल्या बाजूला वळवायची, हे तिला सत्यशीलानेच शिकवलं होतं. शिफ्ट सुटली की दोघी आणि शेजारच्या खोलीतले राजदीप आणि अजय, असे चौघं मोबाइलवर एक गेम खेळायचे.

त्या गेममध्ये एक मोठं बेट होतं. लाकूड, दगड, लोखंड गोळा करायचं, स्वतःचा बेस बांधायचा आणि दुसऱ्यांचा बेस फोडून त्यांचा माल पळवायचा. ह्या लुटीला सगळे रेड म्हणायचे. पहिल्या महिन्यात चौघंही रेडवर निघाले. भरल्या पाठीने परतले, तर आपलाच बेस उघडा पडलेला. भिंती फोडलेल्या, पेट्या रिकाम्या.

"सगळेच लुटाले गेले तर घरी कोन राह्यल?" सत्यशीला म्हणाली. "दोघं जातील, दोघं थांबतील. आळीपाळीनं."

राजदीपला ते पटलं नाही. "थांबून काय भेटते ताई? मजा तर रेडमध्येच हाय."

पण तिने ऐकलं नाही, आणि बेस टिकला. भिंतीआड दुसरी भिंत, प्रत्येक दाराला आकड्यांचं कुलूप, मधोमध कोठार, अशी तिची रचना होती. ती स्वतः आपल्या पाळीला रेडवरही जायची आणि चांगली लढायची.

जानेवारीत सुट्टीवर गावी येताना गोठणगावच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. स्कूटी पडली आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. डॉक्टरांनी तीन महिने घरी बसायला सांगितलं. आई कमलाबाई सकाळीच मजुरीला जायची. घरासमोरच्या सपरीत, म्हणजे उघड्या पडवीत, जिथे नेटवर्क धरायचं तिथे, खाट टाकून सत्यशीला दिवसभर पडून राहायची. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपण कुणाच्याच कामाचे उरलो नाही.

तेव्हा रिनाचा फोन आला. "ताई, तू दिवसभर ऑनलाइन राहू शकते ना? तू बेस सांभाळ. तू असली तर आमी तिघंही बिनघोर रेडले जाऊ."

सत्यशीलाचं मन एकदम हलकं झालं. आळीपाळीचा नियम तिचाच होता, पण तो तिने स्वतःहून मोडला. तिघं बाहेर, ती आत. ती भिंतींची डागडुजी करायची, गोळ्या मोजायची, आपोआप चालणाऱ्या बंदुका कुठे लावायच्या याचा विचार जेवतानाही करायची. आई म्हणायची, "खेळ हाय का नोकरी?" ती नुसती हसायची. रोज संध्याकाळी रिना फोन करून विचारायची, "सगळं ठीक ना ताई?" आणि ती दिवसभराचं सगळं सांगायची.

मार्चच्या सुरुवातीला राजदीपने कोठाराच्या कुलपाचा आकडा बदलला. "सेफ्टीसाठी," तो म्हणाला. "तुले आत जायची गरजच काय? तू बाहेरून सांभाळ." तिला थोडं खटकलं. मग वाटलं, आकडा जितक्या कमी जणांना माहीत तितकं बरं. आपणच शिकवलं ना यांना.

पुढच्या रविवारी दुपारी 'काळी घार' नावाची टोळी चालून आली. बेटावरची सगळ्यांत जबर टोळी, सात जण. अंगणात मोहफुलं वाळत होती आणि आई ती परतवत होती. सत्यशीला खाटेवर उठून बसली आणि चौघांच्या ग्रुप कॉलवर बोलली.

"रिना, घारवाले आले. सात हायेत. लवकर या."

"येऊन राह्यलो ताई," रिनाचा आवाज आला. "पाच मिनिटं. तू धरून ठेव."

पहिली भिंत पडायच्या आत तिने तिच्यामागे दगडाची दुसरी उभी केली. एका बाजूला गोळीबार करून घारवाल्यांना तिकडे ओढलं आणि दुसऱ्या बाजूचं दार बुजवलं. दोघांना तिने पाडलं. ते नव्याने जिवंत होऊन पुन्हा आले.

"रिना, कुठी हा तुमी?"

"बस आलोच. पाच मिनिटं."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा कुणी उत्तरच दिलं नाही. आईने चहा आणून ठेवला, तो निवून त्यावर साय धरली. दोन तास ती एकटी लढली. शेवटी गोळ्या संपल्या, तेव्हा ती कोठाराच्या दाराशी नुसती कुऱ्हाड घेऊन उभी राहिली. त्यांनी तिला पाडलं आणि दार उडवलं.

जवळ असलेल्यांचा आवाज त्या गेममध्ये ऐकू येतो. तिलाही तो आला. घारवाल्यांचा म्होरक्या, बोलण्यात तेलुगू वळण, बहुतेक सिरोंचाकडचा, सगळ्या पेट्या उघडून म्हणाला, "अक्का, इथे तर फक्त लाकूड आहे. तुम्ही कशासाठी लढत होत्या?"

मग त्याने विचारलं, "तुम्ही एकट्याच होत्या का?"

तेवढ्यात म्होरक्याच्या लोकांत आरडाओरडा झाला. त्यांच्या स्वतःच्या बेसवर कुणीतरी रेड टाकली होती आणि तो पार साफ झाला होता. ते धावत सुटले.

कुणी टाकली असेल, हे तिला कळायला वेळ लागला नाही. तरी तिने फोनची वाट पाहिली. दिवस मावळताना तो आला. मागे राजदीप आणि अजय हसत होते.

"ताई, जिंकलो आपन," रिना म्हणाली. "घारवाल्याइचा सगळा माल आपल्याकडे. तू काय धरून ठेवलं त्याइले. दोन घंटे."

"आपला माल कुठी हाय?"

"नवीन बेसमध्ये. नदीच्या पलीकडं बांधला."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

अकरा दिवस. सत्यशीलाने ते एकेक आठवून पाहिले. ह्या अकरा दिवसांत तिने दोनदा गोळ्या भरल्या होत्या, उत्तरेची भिंत नव्याने बांधली होती. रोज संध्याकाळी रिनाने विचारलं होतं, सगळं ठीक ना ताई. तिने रोज सांगितलं होतं.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"राजदीप म्हने, तुले सांगितलं तर तू एवढ्या जीवानं लढनार नाई. घारवाल्याइले शंका आली असती. तुनं खरंच लढाले पायजे होतं." मग घाईने ती म्हणाली, "पन बेस्ट झालं ना? तुझं नाव टाकतो आता नवीन बेसमध्ये. आकडाही पाठवतो."

"तीनदा पाच मिनिटं म्हनली तू मले."

"ताई, गेम हाय तो."

सत्यशीलाने फोन ठेवला. आईने जेवायला वाढलं, ती चार घास खाऊन उठली. राजदीपचा तिला राग आला नाही. त्याने आधीपासूनच आपला स्वभाव लपवला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर रिनाच येत होती, तिच्या खाटेशेजारच्या खाटेवर झोपणारी, तापात तिच्याच हातची पेज प्यायलेली.

दुसऱ्या दिवशी नव्या बेसचा आकडा आला. ती गेली. भिंतीआड भिंत, मधोमध कोठार. तिचीच रचना उचलली होती, फक्त आतून मारा करायची खिडकी चुकीच्या बाजूला होती. पेट्या काठोकाठ भरलेल्या. घारवाल्यांच्या म्होरक्याला हा आकडा कळवला असता तर तासाभरात सगळं साफ झालं असतं. मनात ते आलंही. त्याचं नाव समोर ऑनलाइन खेळाडूंच्या यादीत दिसत होतं. पण मग तीही रिनासारखीच ठरली असती, आणि ते तिला सोसलं नसतं. कशालाही हात न लावता ती बाहेर आली, दार लावलं आणि गेम मोबाइलवरून काढून टाकला.

एप्रिलअखेर ती कामावर परतली. एटापल्लीत तिने दुसरी खोली घेतली. रिना सामान न्यायला मदत करू लागली आणि मध्येच रडली.

"माफ कर ना ताई. एवढ्याशा गोष्टीसाठी खोली सोडते?"

"माफ केलं," सत्यशीला म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. "पन माझं सामान मी नेते."

आठवड्याने दोघींना एकाच शिफ्टला घातलं. डोंगरावरून उतरताना एक आंधळं वळण आहे. तिथे पुढचा डंपर वायरलेसवर मागच्याला सांगतो. गेली दोन वर्षं रिना पुढे असली की सत्यशीला तिच्या आवाजावर वळण घ्यायची.

"रस्ता मोकळा हाय ताई, ये," रिनाचा आवाज आला.

सत्यशीलाने ब्रेक दाबला. भरलेला डंपर वळणाच्या तोंडाशी उभा केला, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि आधी रस्ता स्वतः पाहून घेतला. रस्ता मोकळाच होता.