भावोजींचा न धुतलेला शर्ट

माझ्या हाताला गुण नाही, असं आमच्या प्रयोगशाळेत एकमताने ठरून गेलं होतं.

भावोजी म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचा नवरा. आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत. त्यांनी दुखण्यावर नवं औषध शोधलं होतं. ते उंदराला टोचायचं, त्याला गरम पाटीवर सोडायचं आणि तो पाय किती उशिरा उचलतो ते बघायचं. जितका उशीर, तितकं औषध गुणकारी. औषधाच्या उंदरांना भावोजी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत; नुसतं पाणी टोचलेले उंदीर माझ्या वाट्याला. त्यांचे उंदीर पाटीवर शांत उभे राहायचे, माझे टुणकन उडायचे. सगळे खूश. मग प्रमुख बाईंनी औषधाचे उंदीर माझ्याकडे दिले, तर तेही उडाले.

"तुझा हात जड आहे गं," भावोजी म्हणाले. "मी बघ, कसा त्यांच्याशी गोड बोलतो."

बाईंनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर हे काम सोडायचं.

माझं डोकंच फिरलं. अंगणाला नावं ठेवणाऱ्यातली मी नव्हे, पण मला नाचता येतं हे मला पक्कं ठाऊक होतं. औषध तेच, पाटी तीच. बदललं होतं फक्त माणूस. आणि उंदीर माणसाला ओळखतो तो नाकाने.

मी ताईला फोन केला. "भावोजींचा अंगावरचा शर्ट हवाय. धुऊ नकोस."

"वेड लागलंय का? अगं, जवळ उभं राहवत नाही त्याच्या!"

"तसलाच हवाय."

शुक्रवारी बाई आणि भावोजी काचेबाहेर उभे राहिले. त्यांना दाखवून मी सगळ्या उंदरांना नुसतं पाणी टोचलं. पहिले काही नेहमीसारखे उडाले. मग मी पिशवीतून शर्ट काढून पिंजऱ्यांजवळ टाकला आणि जरा थांबले. त्यानंतरचा एकेक उंदीर पाटीवर उभाच राहिला, अंग आक्रसून, मिशीही न हलवता.

दोघं आत आले. भावोजींनी शर्ट ओळखला.

"भीतीने दुखणं मागे पडतं, भावोजी," मी म्हणाले. "पुरुषाच्या घामाचा वास आला की ते घाबरतात. तुमचं औषध अजून नीट तपासलंच गेलेलं नाही."

"मी त्यांना रोज बाळांनो म्हणायचो गं," ते म्हणाले.

मला जिंकल्याचा आनंद झाला होता, तो तिथल्या तिथे निम्मा झाला. बाईंनी मात्र लगेच औषधाचं काम माझ्याकडे दिलं.

"नीट तपास," भावोजींनी औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "चालत नसेल तर तसं सांग."

"सांगेन. पण तुम्ही या खोलीत यायचं नाही."

त्यांनी शर्ट उचलला. दारात वळून पिंजऱ्यांना काहीतरी म्हणणार होते, पण ओठ मिटून निघून गेले. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक उंदीर आक्रसलेलं अंग सैल सोडून तोंड पुसायला लागला.