शेजारच्या सीटवरचा ब्रेक

“बाबा, पाय,” मुलगी म्हणाली.

मास्तरांनी वाकून पाहिलं. जेवणाच्या टेबलाखाली त्यांचा पाय फरशीत खिळा ठोकावा तसा दाबलेला होता.

“मी फक्त शनिवारी कॉलेजात या म्हटलं. अजून विमानात बसले नाहीये.”

“विमानाचं नाव कुणी काढलं?” मास्तर म्हणाले आणि पाय आणखी दाबला.

मास्तर लोकांना गाडी शिकवत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तरांचं अर्धं आयुष्य त्याच्यावर पाय ठेवून गेलं होतं. डावं म्हटलं की उजवीकडे वळणारे, खांब दिसला की डोळे मिटणारे, अशा नाना नमुन्यांबरोबर ते दिवसभर थोडे थोडे मरत आणि संध्याकाळी चहा पिऊन पुन्हा जिवंत होत. पाय मात्र त्यांचं ऐकेनासा झाला होता. भीती वाटली की तो आपला आपण दाबला जाई, मग ब्रेक असो वा नसो. एकदा दाढी करून घेताना त्यांना आरशात भरधाव येणारी बस दिसली. त्यांनी खुर्चीच्या फळीवर असा पाय मारला की बस जागच्या जागी उभी! ड्रायव्हर म्हणतो, तिथं थांबाच होता. पण न्हाव्यानं डोळ्यांनी पाहिलंय, आणि हातात वस्तरा असलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? थिएटरात तर मास्तरांच्या पुढची खुर्ची कुणी फुकटसुद्धा घेत नसे.

मुलगी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम शिकत होती. पहिला निम्मा अभ्यास इथल्या कॉलेजात, उरलेला परदेशातल्या विद्यापीठात, आणि शेवटी दोन पदव्या, एक इथली, एक तिथली. निवड झालेल्यांत तिचं नाव होतं.

“एकदाच शिकायचं आणि पदव्या दोन?” आई म्हणाली. “हे म्हणजे एकाच नवऱ्याशी दोनदा लग्न लावण्यासारखं झालं. मला एकदाच पुरे झालं.”

“आई, गंमत नको. बाबांनी नाही म्हटलं तर जागा जाईल माझी.”

ते खरंच होतं. मागच्या खेपेला काही पालकांनी घाबरून मुलांना अर्ध्यातूनच परत बोलावलं होतं. ना इथली पदवी, ना तिथली. तेव्हापासून कॉलेजनं एक पद्धत काढली. मुलानं सगळ्यांसमोर उभं राहून आपल्याच पालकाला हे सारं पटवून द्यायचं. पालकानं मनातली शंका विचारायची आणि मग तोंडानं हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर जागा पुढच्याला.

शनिवारपर्यंत मास्तरांना जेवण गेलं नाही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पोरगी रस्ता ओलांडताना चुकीच्या बाजूला बघणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील? तिथं कुणी फसवलं, हसलं, कोंडून घातलं तर? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. नाही म्हणायचं. एक दिवस रडेल, पण डोळ्यांसमोर रडेल.

हॉलमध्ये पालकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. एकेका आईबापाचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागल्यासारखा. मास्तरांच्या मुलीची पाळी आली. तिनं पडद्यावर नकाशा लावला. इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका. इकडच्या ठिपक्यातून एक लाल रेघ निघाली आणि हळूहळू पुढे सरकू लागली. किनारा आला. रेघ थांबली नाही. ती सरळ समुद्रात शिरली.

मास्तरांचा पाय खाडकन खाली गेला.

पडदा काळा. त्यांच्या खुर्चीखाली प्रोजेक्टरचा एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि त्याच्या बटणावर नेमकी मास्तरांची टाच बसली होती.

“वीज गेली वाटतं,” कुणी म्हणालं.

“दिवे तर चालू आहेत,” विभागप्रमुख बाई छताकडे बघत म्हणाल्या.

मुलीनं मात्र छताकडे पाहिलं नाही. तिनं बापाच्या गुडघ्याकडे पाहिलं. मास्तरांना वाटलं, आता ही सांगते सगळ्यांना.

“राहू दे,” ती म्हणाली. “मी चित्रांशिवाय सांगते. बाबा, दोन पदव्या वेगवेगळ्या घ्यायच्या तर जवळजवळ दुप्पट वर्षं जातात. इथं बराचसा अभ्यास दोन्हीकडे धरतात. तिकडची भाषा येईल, तिकडच्या कंपनीत प्रत्यक्ष काम करता येईल, पुढे नोकरीला दोन्ही देशांत दार उघडं राहील. हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते तुम्ही चष्मा लावून वाचलंय.”

“चष्मा काढूनही वाचलं,” मास्तर पुटपुटले.

“पण मला जायचंय ते वेगळ्यासाठी. इथं शिकवतात की गिऱ्हाईक असं वागतं, मालक असा विचार करतो. मला वाटतं, जगभर असंच असणार. तिकडे गेल्यावर कळेल की आपण ज्यांना नियम म्हणतो त्यातले निम्मे म्हणजे नुसत्या आपल्या सवयी आहेत. ते इथं बसून नाही कळत.”

“पालकांची शंका?” विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

मास्तर उठले. चांगली घोटून आणलेली शंका घशातच विरघळली.

“तिकडे काही झालं तर?”

“काय झालं तर?”

“काहीही.”

कुणी हसलं नाही. सगळ्या पहिल्या रांगेला नेमकं हेच विचारायचं होतं.

“होईलच की, बाबा. आजारी पडेन. रस्ता चुकेन. एखाद्या विषयात नापासही होईन. घाबरेन. आत्ताही घाबरलेय, हे बघा.” तिनं हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

मास्तर त्या बोटांकडे बघत राहिले. घरातली सगळी भीती आपल्या एकट्याच्या वाट्याला आलीय, अशीच त्यांची आजवर समजूत होती.

“लायसन्सच्या परीक्षेला तुमच्या सीटवर कोण बसतं?” तिनं विचारलं.

“परीक्षक.”

“आणि तुम्ही?”

“मी खाली. रस्त्याच्या कडेला.”

“तिथून ब्रेक लागतो?”

“नाही.”

“मग लोक पास कसे होतात?”

मास्तरांनी बराच विचार केला. “काही होतात.”

“बाबा!”

“बरेच होतात,” मास्तर म्हणाले. मग अगदी हळू, “तू... तूही झाली होतीस.”

“मग होकार समजायचा?” विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

पहिला ‘हो’ टायरमधून हवा गेल्यासारखा आला, तो कुणालाच कळला नाही. दुसरा खोकल्यात गेला. तेव्हा मास्तर सगळ्या हॉलदेखत खाली वाकले, खुर्चीखाली हात घातला आणि ते बटण दाबलं. पडदा उजळला. मागून कुणीतरी “अच्छा!” म्हणालं आणि हॉलभर हशा पिकला. मुलीनं नकाशा पुन्हा सुरू केला. लाल रेघ पहिल्यापासून निघाली, किनाऱ्यावर आली, समुद्रात शिरली. परत खुर्चीत बसलेल्या मास्तरांच्या मुठीत खुर्चीच्या दांड्या अशा आवळल्या गेल्या की वाकतात की काय. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. पलीकडच्या ठिपक्याला रेघ टेकेपर्यंत ते एकटक बघत राहिले.

“हो,” ते म्हणाले. हा मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

ती गेली.

मास्तर काही शूर झाले नाहीत. तिच्या फोनची वेळ सकाळची. त्यामुळे एका दुपारी, शिकवणी चालू असताना खिशातल्या फोनवर तिचं नाव लुकलुकलं, तेव्हा भर उन्हात त्यांचे हातपाय गार पडले.

“बाजूला घ्या. घ्या बाजूला! हँडब्रेक!” शिकाऊ बाई बिचारी त्यांच्याहून जास्त घाबरली.

“बाबा, घाबरू नका, सहज केलाय,” पडद्यावरची मुलगी म्हणाली.

“सहज असा करतात का फोन? जीव जायचा माणसाचा!”

“आज वर्गात मी सांगितलं, आमच्याकडचा दुकानदार गिऱ्हाईक दारात दिसलं की न विचारता त्याचा नेहमीचा साबण काढून ठेवतो. कुणाला खरंच वाटेना. मग त्यावरच चर्चा झाली तासभर. म्हटलं, बाबांना सांगावं.”

“जेवलीस?”

“जेवले.”

“रस्ता ओलांडताना—”

“दोन्हीकडे बघते, बाबा.”

तेवढ्यात मागून कुणा मुलीनं तिला हाक मारली. तिकडच्या उच्चारातलं तिचं नाव मास्तरांना नीटसं ओळखू आलं नाही. तिनं मान वळवली आणि तिकडच्या भाषेत भरभर काहीतरी बोलली, कुठंही न अडखळता. त्यावर दोघी खळखळून हसू लागल्या. हसता हसता फोन तिरका झाला आणि पडद्यावर नुसतं छत उरलं, पांढरं, मधोमध एक गोल दिवा असलेलं.

मास्तर त्या छताकडे बघत राहिले. मग तेही हसले, थोडे उशिरा.