दोन कंपन्यांची एकच तक्रार

किजिमांच्या घरातलं जेवणाचं टेबल गेले कित्येक दिवस कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. त्याच्यावर मोटारींची माहितीपत्रकं पसरली होती. भाताची वाटी ठेवायची तर आधी एखादं इंजिन बाजूला सारावं लागे.

घरात माणसं दोनच. सेइझो किजिमा, वय एक्याऐंशी, शेतकी सोसायटीच्या तेंदूफळांच्या शेडमधून निवृत्त झालेले. आणि त्यांची मुलगी चिझुरू, मासुदा शहरातल्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिसरा नोबुहिको, धाकटा मुलगा. तो ओसाकात राहत असे. पण रोज संध्याकाळी फोनमधून टेबलावर येऊन बसे आणि बाकी दोघांपेक्षा जास्त जागा अडवी.

सेइझोंची पांढरी मोटार म्हातारी झाली होती. वर्षअखेरीला तिची सरकारी तपासणी होती आणि त्यातून ती पार पडणार नाही, हे ठरल्यासारखंच होतं. नवी घ्यायची ती उंच, मधल्या आकाराची क्रॉसओव्हर, हेही ठरलं होतं. डोंगरातली वाडी, हिवाळ्यात बर्फ, पेट्रोल पंप दूर. तेव्हा गाडी चढावर दमणार नाही अशी हवी आणि थोड्या पेट्रोलवर लांब जाणारीही हवी. एवढ्यावर तिघांचं एकमत होतं. भांडण पुढे होतं: तोकिवा कंपनीची घ्यायची की हायाते कंपनीची?

"ताई, हायातेच्या नादी लागू नका," फोनमधून नोबुहिको बजावत होता. "आमच्या ऑफिसातल्या कुरोदाची हायाते भर रस्त्यात बंद पडली होती."

"कधी?"

"झाली असतील पंधराएक वर्षं."

"अरे, ती गाडी एव्हाना भंगारात गेली असेल आणि कुरोदा पेन्शनीत!"

"कंपनीची वृत्ती बदलत नसते, ताई."

"आणि तुझी तोकिवा?" सेइझो चष्मा कपाळावर ढकलून कडाडले. "त्यांनी मागच्या वर्षी हजारो गाड्या परत मागवल्या. पेपरात आलं होतं. लाज नाही वाटत!"

"परत मागवल्या म्हणजे चूक कबूल केली, बाबा," चिझुरू म्हणाली. "जी कंपनी कधीच काही परत मागवत नाही, तिची मला जास्त धास्ती वाटते."

"तुझं आपलं काहीतरी प्रयोगशाळेतलं!"

चिझुरूने कपाळाला हात लावला. एका माणसाची एक गाडी एकदा बंद पडली, यावरून लाखो गाड्यांचा निकाल लावायचा! एका बाटलीतल्या पाण्यावरून सगळ्या नदीचा अहवाल तिने लिहिला असता, तर तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. पण घरात तिचं शिक्षण चालत नसे. आवाज चढवून बोलायची तिला सवय नव्हती आणि हलक्या आवाजातलं बोलणं त्या घरात कुणाच्या कानापर्यंत पोचत नसे.

शिवाय एक गोष्ट होती, जी तीही बोलत नव्हती.

पांढऱ्या मोटारीची डावी बाजू पार खरवडून निघाली होती. फाटकाचा खांब, बागेची दगडी भिंत, टपालाची पेटी, सगळ्यांचा रंग तिच्या अंगावर होता. "या जुन्या गाड्यांचे आरसेच लहान," असं सेइझो म्हणत आणि घरातले माना डोलवत. नव्या गाडीला कॅमेरे असतात, ती स्वतः ब्रेक लावते, म्हणजे प्रश्नच मिटला! पंचाहत्तरीपुढच्या चालकांना परवाना पुन्हा मिळण्याआधी स्मरणशक्तीची चाचणी असते. सेइझोंनी तीही दिली होती, आणि सरावाच्या पुस्तकातली चित्रं पाठ करून उत्तम गुणांनी दिली होती. सूर्यफूल, हातोडी, वाघ, ढोलकी, असं चिझुरूनेच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. पास झाल्यावर शेजारच्या हात्सुएकाकूंनी आनंदाच्या प्रसंगी करतात तो लाल चवळीचा भातही केला होता. पाठांतराची परीक्षा झाली होती, गाडी चालवण्याची नव्हे, हे कुणाला कळत नव्हतं? सगळ्यांना कळत होतं.

मग गप्प का? तर त्या वाडीतली बस बंद झाली होती. हात्सुएकाकू आणि आणखी दोन घरांतली म्हातारी माणसं दवाखान्याला, बाजाराला, बँकेला सेइझोंच्याच गाडीतून जात. सेइझो थांबले की वाडी थांबली. तेव्हा गाडीबद्दल हवं तितकं बोलावं आणि चालकाबद्दल अवाक्षर काढू नये, असा एक अलिखित करारच होऊन बसला होता.

शनिवारी सेइझो, चिझुरू आणि हात्सुएकाकू मासुदाला निघाली. दोन्ही कंपन्यांची दालनं हमरस्त्यावर शेजारीशेजारी होती आणि हात्सुएकाकूंना दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. सेइझोंनी मोटार चालवली. हात्सुएकाकू मागे डोळे मिटून बसल्या होत्या. झोप लागली असेल, असं चिझुरूला वाटलं.

आधी तोकिवा. विक्रेते तानिगुचीसाहेब पन्नाशीचे, अतिशय अदबशीर. ते पुढे डाव्या सीटवर बसले, दोघी मागे, चक्र सेइझोंच्या हाती. गाडी निघाली आणि पाचच मिनिटांत टूं टूं करून ओरडली.

"काय झालं हिला?"

"डावीकडून सायकल गेली, साहेब. यंत्र जरा हळवं आहे," तानिगुची हसून म्हणाले.

पुढच्या चौकात सेइझोंनी डावीकडे वळण घेतलं. गाडीने कर्कश आवाज केला आणि स्वतःच गचकन थांबली. चौघांना पट्ट्यांचा हिसका बसला. समोर, हातभर अंतरावर, पिवळ्या टोप्या घातलेली दोन पोरं आणि त्यांची आई झेब्रा पट्ट्यांवर थिजून उभी होती.

"ही कुठून आली? आभाळातून पडली का?" सेइझो ओरडले. "आणि असा ब्रेक लावतात? मान मोडली असती माझी! म्हणे भरवशाची कंपनी!"

"आपण म्हणता ते बरोबर आहे," घाम पुसत तानिगुची म्हणाले. ती आई मात्र पोरांना छातीशी धरून अजून जागच्या जागी उभी होती.

मग हायाते. दुसरी कंपनी, दुसरं यंत्र, दुसरा विक्रेता. रस्ता तोच. या वेळी चाकांच्या ढकलगाडीवर भार देत एक म्हातारा डाव्या कडेने चालला होता. टूं टूं टूं! आणि पुन्हा गाडी स्वतःहून थांबली. म्हाताऱ्याने वळून पाहिलं, उगाचच वाकून माफी मागितली आणि पुढे गेला.

"ही तर त्याहून भित्री!" सेइझोंचा संताप अनावर झाला. "दोन्ही कंपन्या भिकार! गाड्या करतात की रडकी पोरं?"

मागच्या सीटवर चिझुरू मनाशी हिशेब मांडत होती. प्रयोगशाळेत एका उपकरणाने विचित्र आकडा दाखवला तर आधी उपकरण तपासायचं, हा तिचा रोजचा धडा. पण दोन वेगवेगळ्या कारखान्यांची उपकरणं एकच आकडा दाखवत असतील तर? तर दोष उपकरणांत नसतो, पाण्यात असतो. आज दोन्ही गाड्यांची तक्रार एकच होती. दरवेळी डावीकडे. दरवेळी तिला, काकूंना, विक्रेत्याला, सगळ्यांना दिसलेला माणूस. आणि दरवेळी फक्त बाबांना न दिसलेला!

तरी दालनात परतल्यावर ती काय म्हणाली? "सेन्सर जरा जास्तच नाजूक असेल, बाबा."

स्वतःचं ते वाक्य ऐकून तिची तिलाच शिसारी आली.

बाहेर येऊन सेइझोंनी खिशातून जुन्या मोटारीची चावी काढली. "चला. हात्सुएला दवाखान्यात सोडू. मग नोबुहिकोला सांगतो, तुझी तोकिवा पण फुकट आणि..."

चिझुरू मोटारीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाबा, चावी द्या. मी चालवते."

"का?"

"तुम्हाला डावीकडची माणसं दिसत नाहीत."

असं वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं! सेइझोंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "भर रस्त्यात बापाची अब्रू काढतेस? परवाना आहे माझ्याकडे! पास झालोय मी!"

"मीच पाठ करून घेतलं होतं तुमच्याकडून. त्या चित्रांत ती दोन पोरं नव्हती, बाबा."

सेइझो हात्सुएकाकूंकडे वळले. "हात्सुए, सांग हिला. इतकी वर्षं माझ्या गाडीत बसतेस तू. एकदा तरी भीती वाटली?"

हात्सुएकाकू चौऱ्याऐंशीच्या, कमरेत वाकलेल्या, आणि शाळेत त्यांच्या तीन वर्ग पुढे असल्याने सेइझोंना अरे-तुरे करणारी वाडीतली एकमेव व्यक्ती.

"दरवेळी," त्या म्हणाल्या. "मी झोपते होय रे गाडीत? डोळे मिटून देवाचं नाव घेते. गेल्या महिन्यात सोसायटीच्या वळणावर डोळे उघडले, तर तू समोरच्या ट्रकच्या अंगावर जात होतास."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"स्वार्थ! दुसरं काय? तू थांबलास तर मला औषधाचे थेंब कोण आणून देणार? आम्ही तिघं तुझ्या गाडीत बसून तुझ्या हाताची तारीफ करतो, ती आमच्या पायांसाठी. आज ते पोर चाकाखाली आलं असतं, तर त्यात माझाही हात होता, सेइझो."

सेइझो फुटपाथच्या कठड्यावर मटकन बसले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "समज, दिली चावी. पुढे काय? वाडीनं उपाशी मरायचं?"

काकूंनी आता चिझुरूकडे मोर्चा वळवला.

"बघ, गप्प झालीस! चावी मागायला काय लागतं? माझ्या मुलानंही मागितली. फुलं आणली, केक कापला, 'आई, शाबास, वेळेवर परवाना परत केलास' म्हणाला. नगरपालिकेनं टॅक्सीची कुपनं दिली, ती महिन्यात संपली. त्यानंतर मी डॉक्टरकडे कशी जाते, हे त्यानं एकदा तरी विचारलं? माणसाचे पाय काढून घेता आणि सुटलो म्हणता! मग म्हातारी माणसं चावी सोडत नाहीत, म्हणून वर तुम्हीच रडता."

"काकू, मला शनिवारी सुट्टी असते," चिझुरू चाचरत म्हणाली.

"आजारपण शनिवार बघून येतं वाटतं?"

"मंगळवारची दुपारही मागून घेईन. आमचे साहेब नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तरी मी मागेन."

"आणि तो ओसाकावाला? त्याला गाड्यांची एवढी माहिती आहे, तर महिन्यातून एकदा येऊन चालवू दे की एखादी!"

सेइझोंना नको असताना हसू फुटलं. त्यांनी चावी चिझुरूच्या हातावर ठेवली. टाकली नाही, ठेवली.

दवाखान्यात हात्सुएकाकूंच्या नंबरावर आधी सेइझोंना बसवलं गेलं. काचबिंदू निघाला. समोरची अक्षरं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. पण डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेली होती आणि उजव्याचीही कमी होऊ लागली होती. "माणसाला स्वतःला हे कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "न दिसणारी जागा मेंदू आपल्या मनानं भरून काढतो. तिथे रिकामा रस्ता आहे, असंच वाटतं. थेंब रोज घातले, तर उरलेली नजर टिकेल."

"म्हणजे गाड्या खरं बोलत होत्या," सेइझो पुटपुटले. "दोन्ही."

त्याच महिन्यात त्यांनी आपण होऊन पोलीस ठाण्यात परवाना परत केला. नोबुहिकोने फोनवर आधी बराच आरडाओरडा केला, आणि मग पुढच्याच रविवारी तो गाडी हाकायला हजर झाला. चिझुरूने नगरपालिकेत चकरा मारून मारून वाडीसाठी आठवड्यातून दोनदा छोटी व्हॅन सुरू करून घेतली. त्यासाठी तिला इतक्या वेळा आवाज चढवावा लागला, की आता तिला त्याची सवय झाली आहे.

आणि नवी गाडी? चिझुरूने दोन्ही कंपन्यांच्या बिघाडांचे आकडे काढले. फरक इतका किरकोळ होता, की त्यापेक्षा वेळच्या वेळी तेल बदलणं जास्त महत्त्वाचं ठरावं. पेट्रोलही दोन्हींना सारखंच लागत होतं. मग हात्सुएकाकूंना दोन्ही गाड्यांत बसवून-उठवून पाहिलं. हायातेच्या सीटवर त्यांना ना चढावं लागलं, ना खाली बुडावं लागलं; नुसतं वळून बसता आलं. हायाते घेतली.

पहिल्या मंगळवारी चिझुरूशेजारी सेइझो बसले, मागे तीन म्हातारी माणसं. फाटकातून बाहेर पडेपर्यंत सेइझोंनी तिच्या चार चुका काढल्या. "ब्रेक आधी दाब. आरसा बघ. अगं, एवढी घाई कशाला?"

"बाबा, तुम्ही चालवता का?"

"नको. तूच चालव. पण नीट चालव, माझी माणसं बसली आहेत मागे."

वाचकहो, कोणती कंपनी भरवशाची, यावर आपण रात्ररात्र वाद घालू शकतो. त्यात कुणाचं मन दुखावत नाही, कुणाला जबाबदारी घ्यावी लागत नाही. पण चक्रामागे बसलेल्या आपल्याच माणसाला "तुम्हाला आता दिसत नाही" असं सांगण्याची वेळ आली, की आपली वाचा बसते; आणि त्या मौनाची किंमत रस्त्यावरून चाललेलं भलत्याच कुणाचं तरी मूल मोजतं. तेव्हा बोला. प्रेमानं बोला, पण स्पष्ट बोला! आणि म्हाताऱ्या हातातून चावी मागून घ्याल, त्या दिवसापासून त्यांना नेण्या-आणण्याचं काम तुमचं झालं, हे चावी मागण्याआधी मनाशी ठरवा. ते ठरवता येत नसेल, तर ती चावी मागण्याचा हक्कही आपल्याला नाही.