पागोळीची जागा

गवंडीमामा म्हणजे अडेल माणूस. एकदा नाही म्हणाला की भिंत हलेल, मामा हलायचा नाही.

नव्या घराचा पाया आखायचा होता. मामानं हद्दीपासून तीन फूट आत खुंटी ठोकली. सकाळी येऊन बघतो तर खुंटी हद्दीवर! उपटली, पुन्हा आत ठोकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी घरमालक स्वतःच खुंटीपाशी उभे.

"मामा, माझी जागा, माझी खुंटी. हद्दीला लागून भिंत घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"आणि छपराचं पाणी? ते शेजारच्या शिंपीणबाईंच्या भिंतीवर पडणार. मातीची भिंत ती, दोन पावसाळ्यांत बसेल. बाई तिलाच पाठ टेकून मशीन चालवतात."

"अहो, मधे बोळ ठेवला तर कुणीही येऊन खिडकीला कान लावेल. घरातल्या गोष्टी गावभर!"

"मग हळू बोला."

मालकांची मुलगी खुदकन हसली. कॉलेजात इंग्रजी शिकवायची ती. "बाबा, चोरून ऐकण्याला इंग्रजीत 'ईव्ह्जड्रॉप' म्हणतात. मुळात तो शब्द पागोळ्यांचं पाणी पडतं त्या जागेचा. इंग्रजांकडे पूर्वी घर बांधताना तेवढी जागा आपल्याच हद्दीत सोडायची रीत होती. पुढे तिथं उभं राहून आतलं ऐकण्यालाही तेच नाव चिकटलं."

"ऐकलंत मामा? त्रास जुनाच आहे. म्हणजे माझंच खरं!"

मामानं हातोडी खाली ठेवली. "ताई, एक सांगा. लोक कान लावायला लागले म्हणून जागा सोडायचं बंद केलं का त्यांनी?"

"तसं कुठं वाचलं नाही, मामा. कान लावणाऱ्याला दंड करायचे."

"मग झालं! गुन्हा कानाचा, शिक्षा भिंतीला कशाला?"

पलीकडे मशीनची खडखड चालूच.

"खिडकी डोक्याच्या वर घेतो," मामा म्हणाला. "उजेड येईल, कान पोचायचा नाही. पण तुमचं पाणी तुमच्याच जागेत पडणार. पटत नसेल तर दुसरा गवंडी बघा. मी का गेलो, ते बाईंना सांगून जाईन."

मालकांनी मुलीकडे बघितलं. तिनं टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"ते लोक किती सोडायचे गं?"

"दोन फूट. एका जुन्या कागदात लिहिलंय."

"मग दोनच!"

"त्यांची छपरं लहान असतील," मामा म्हणाला. "तुमचं मोठं आहे. तीन. टेप नीट धरा."