खिडकीतला पुठ्ठा

केझाया थर्गुडच्या घरात कचरा तो कितीसा होणार? एकटी विधवा, एक चूल, दिवसाला दोन बटाटे. तरी दर मंगळवारी तिच्या पुढच्या खिडकीत नगर मंडळाने दिलेला ‘डी’ अक्षराचा, म्हणजे ‘डस्ट’चा, कचरा न्या म्हणून सांगणारा पुठ्ठा लागलेला असे. पुठ्ठा दिसला की कचऱ्याची गाडी थांबायची आणि एमॉस प्लेजर खांद्यावर टोपली घेऊन थेट स्वयंपाकघरातून परसात जायचा, कारण त्या गल्लीतल्या घरांना मागून वाटच नव्हती. शेजारणी त्याच्या बुटांच्या नावाने बोटं मोडायच्या. केझाया चहा तयार ठेवायची.

“डबा अर्धासुद्धा भरला नाही, थर्गुडबाई.”

“मग तेवढाच न्या. पुढच्या मंगळवारी उरलेला न्यायला याल.”

तो हसायचा. राखेने माखलेल्या चेहऱ्यात डोळे आणि दात तेवढे दिसायचे. उभ्या उभ्या चहा प्यायचा, चार शब्द बोलायचा, जायचा. एवढ्या दहा मिनिटांवर ती आठवडा काढायची.

मग नगर मंडळाला काटकसरीचा झटका आला. पूर्वी वीटभट्टीवाले कचऱ्यातली चुलींची राख विकत घेत, म्हणून ठेकेदार कचऱ्याबद्दल उलट मंडळालाच पैसे देई. भट्ट्या मंदावल्या तसा तोच पैसे मागू लागला. सभासदांनी घड्याळ लावून पाहिलं: माणसं घरात शिरतात, तिथेच सगळा वेळ जातो. ठरलं, पुठ्ठे बंद. डबे लोकांनीच रस्त्यावर आणून ठेवायचे. केझायाचा चहा कुणा शहाण्याच्या हिशेबात नव्हता.

“बरं झालं बाई, घाण आत यायची थांबली,” शेजारची मिसेस विंच म्हणाली.

“हो ना,” केझाया म्हणाली, आणि दार लावून पोटभर रडली.

तीन मंगळवार एमॉसने दारातला डबा गाडीत उपडा केला, टोपीला हात लावला आणि मुकादमाच्या हाकेसरशी पुढे गेला. चौथ्या मंगळवारी ती डब्याशेजारीच उभी राहिली.

“पुठ्ठा अजून आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “रविवारी लावणार आहे.”

“रविवारी कोण मरायला येतंय, बाई?” मुकादम गाडीवरून खिदळला. एमॉसने रिकामा डबा तिच्या पायाशी ठेवला.

रविवारी तिने पुठ्ठा लावला, किटली चुलीवर ठेवली आणि खिडकीशी बसली. तीन वाजले. तो आला नाही तर पुठ्ठा चुलीत घालायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं. समोर एक गोरापान, काळ्या कोटातला माणूस येऊन उभा राहिला आणि टक लावून तिच्या खिडकीकडे बघू लागला. मेला कोण हा, म्हणत तिने पडदा ओढला.

थोड्या वेळाने फट करून पाहिलं, तर तो निघाला होता. पाठमोरा. उजवा खांदा खाली, जणू त्यावर अजून टोपली आहे. चार वर्षांत तिने त्याचा धुतलेला चेहरा एकदाही पाहिला नव्हता.

ती तशीच दार उघडून रस्त्यावर धावली. मिसेस विंच आपल्या खिडकीतून बघत होती, बघू दे.

“अहो!” ती ओरडली. “आमची राख राहिलीय न्यायची!”