बिनचुलीचं घर

मी डोंगरावरचं घर बोलतोय. एंगाडीनच्या खोऱ्यात, गावापासून दोन तासांच्या चढावर, पाहुण्यांसाठी बांधलेलं सहा खोल्यांचं घर. घराला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. मला आहे. मला माझ्याच उबेची भीती वाटते.

मला मद्लेनानं उभं केलं. आधी इथं तिच्या वडिलांचं, दुमेंगचं, जुनं पाहुणेघर होतं. त्याच्या भट्टीला लाकडांचे ढीगच्या ढीग लागत, तरी पाहुणे कोट घालूनच जेवत. मद्लेना शहरात घरं बांधायचं शिकून आली आणि तिनं ठरवलं, नव्या घरात विस्तवच नको. माझ्या भिंतींत तिनं मेंढीच्या लोकरीचा हातभर जाड थर भरला. दक्षिणेला तिहेरी काचांच्या मोठ्या खिडक्या लावल्या. एकूणएक फट बुजवली. दिवसाचं ऊन आणि माणसांच्या अंगाची ऊब मी धरून ठेवायचो. हवा बदलायला एक यंत्र होतं. ते उतारावरच्या सौरपट्ट्यांच्या विजेवर चालायचं.

दुमेंगला हे काही पटलं नव्हतं. "बरणीसारखं घट्ट झाकण लावलंयस," तो म्हणायचा. "पाहुण्यांचं लोणचं घालायचंय का?"

"तुमच्या भट्टीनं निम्मं रान खाल्लं, बाबा. आता तिला विश्रांती घेऊ द्या."

तीन हिवाळे सुखात गेले. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत वादळ आलं.

तीन दिवस बर्फ थांबला नाही. सौरपट्ट्या गाडल्या गेल्या, साठवलेली वीज संपली आणि यंत्र बंद पडलं. खाली जायची वाट मिटली. आत सहा पाहुणे, दुमेंग आणि मद्लेना. तरीही माझ्यात चौदा अंश ऊब होती. कुणी गारठून मेलं नसतं. पण यंत्राची घरघर थांबली आणि माणसं घाबरली.

चौथ्या दिवशी सकाळी मद्लेना फावडं घेऊन सौरपट्ट्या मोकळ्या करायला निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, यंत्र बंद आहे. तासातासाला खिडक्या पाच मिनिटं उघडा. विसरू नका."

दुमेंगनं मान डोलावली. पण पाहुण्यांत हेडविग नावाची एक म्हातारी होती. तिचे दात वाजत होते. तिचा नवरा ओटमार तिचे हात चोळत बसला होता.

"जरा शेक मिळाला असता तर," तो पुटपुटला.

दुमेंग उठला. उन्हाळ्यात अंगणात मांस भाजायची लोखंडी शेगडी त्यानं पडवीत पेटवली. कोळसे लाल झाल्यावर ती उचलून आत आणली.

"धूर होईल ना?" ओटमारनं विचारलं.

"धूर संपला. नुसते निखारे आहेत. या, जवळ बसा."

सगळे शेगडीभोवती जमले. कुणीतरी गोष्ट सांगायला लागलं. हेडविग पहिल्यांदा हसली. खिडक्या उघडायची वेळ आली, तेव्हा दुमेंग म्हणाला, "इतक्या कष्टानं केलेली ऊब बाहेर कशाला घालवायची?"

माझ्यात एकही फट नव्हती. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास असतो, ना रंग. तो माझ्यात साठत गेला आणि मी तो सांभाळून ठेवला, कारण सांभाळून ठेवण्यासाठीच मला बांधलं होतं. हेडविगचं डोकं दुखायला लागलं. गोष्ट सांगणारा मध्येच थांबला, पुढचं त्याला आठवेना. एकेकाची मान कलायला लागली. मी भिंतीभिंतींतून भ्यालो होतो, पण मला हात नव्हते आणि आवाजही नव्हता.

शेवटी दुमेंगला काहीतरी उमगलं असावं. तो उठला, खिडकीपाशी पोचला, मुठीवर हात ठेवला आणि तिथंच कोसळला.

तिकडे उतारावर फावड्याचा दांडा मोडला म्हणून मद्लेना लवकर परतली. तिनं काचेतून पाहिलं, तर भर दुपारी सगळे जिथल्या तिथं निजलेले. ती दार ढकलून आत आली, श्वास रोखून. आधी खिडक्या उघडल्या, मग शेगडी बाहेर बर्फात फेकली. मग एकेकाला ओढत बाहेर नेलं. वडिलांना नेताना ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाबा, श्वास घ्या. बाबा, ऐकताय ना?"

बोचरा वारा माझ्यात घुसला. जपलेली सगळी ऊब क्षणात गेली. इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं.

जीव सगळ्यांचे वाचले. वाट मोकळी झाल्यावर दुमेंगला दवाखान्यात हलवलं. तो चालायला लागला, जेवायला लागला, पण त्या वायूमुळे त्याची स्मरणशक्ती विरत गेली.

मद्लेनानं कुणालाही दोष दिला नाही. एकदा ती ओटमारला फोनवर म्हणाली, "या घरात विस्तव नाही, म्हणून वायूची सूचना देणारी घंटा मी लावलीच नाही. थंडीचा सगळा हिशेब मी केला होता. माणूस घाबरला की काय करेल, ते मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही."

आता माझ्या प्रत्येक खोलीत ती घंटा आहे. विजेशिवाय, हातानं उघडणारे झरोके आहेत. पाहुणे पुन्हा येतात. बर्फ भुरभुरायला लागला की माझ्या तुळया करकरतात. लोक म्हणतात, लाकूड आकसतंय.

माझ्यासारख्या घरात कधी अडकलात, तर एवढं करा. एकमेकांना चिकटून बसा, पांघरुणं घ्या आणि गारठा आत आला तरी खिडकी उघडा. विस्तव आत आणू नका. मी तुम्हाला हाक मारू शकत नाही.

दुमेंग हल्ली दक्षिणेच्या खिडकीशी बसून असतो. रोज सकाळी तो लेकीकडे अनोळखी माणसासारखं पाहतो आणि अदबीनं विचारतो, "ताई, हे घर कुणाचं आहे?"

"तुमचंच आहे," मद्लेना सांगते आणि त्याच्या शेजारची खिडकी उघडते.