काहिलीवरचं घर

"वहिनी, पुस्तकं खुशाल न्या. पण घरात मोठ्यानं वाचू नका," असं मला वाचनालयातल्या बाबाजानभाईंनी सांगितलं होतं. मी हसले होते. बी.ए. झालेल्या बाईला पुस्तक कसं वाचावं हे आता यांनी शिकवायचं? आणि तसं पाहिलं तर मी ती मोठ्यानं वाचलीच नाहीत. ती इंग्रजीत होती. मी फक्त त्यातलं आमच्या आत्याबाईंना मराठीत सांगितलं. बाबाजानभाईंची सूचना मी अक्षरशः पाळली, असं माझं आजही म्हणणं आहे.

पुस्तकांची हकिगत अशी. पाटबंधारे खात्यातले एक इंजिनिअर निवृत्त होऊन कोपरगावात राहिले आणि वारले. त्यांच्या पत्नीनं त्यांचा सगळा संग्रह वाचनालयाला देऊन टाकला. ज्या माणसानं जन्मभर पाणी अडवलं, त्याला हौस होती पाण्यावरच्या घरांची! सगळी पुस्तकं हाउसबोटींची. कालव्यातल्या, तळ्यातल्या, विलायतेतल्या, कुठल्या कुठल्या. दुष्काळ नुकताच सरला होता. गावातल्या निम्म्या हातांना खडी फोडल्याचे घट्टे होते, आणि वाचनालयाच्या कपाटात ओळीनं बोटी लागल्या होत्या. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. मी लावला, कारण बाकीचं कपाट माझं वाचून झालं होतं.

दुपारी बेबी झोळीत झोपली की मी पुस्तक घेऊन बसायची. एक डोळा पुस्तकात, एक झोळीच्या दोरीवर. ही सवय घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. आमच्या घरात पोराच्या नाकात, कानात आणि घशात जाऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू मला पाठ होती. हौदावर मी झाकण करून घेतलं होतं आणि त्यावर पाटा ठेवला होता. "आता चटणी कशावर वाटायची?" असं आत्याबाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, "हौदावर बसून वाटा."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोजरबाई. त्या गोधडी शिवत ऐकायच्या. मी सांगायची की एक बाई आहे, ती कालव्यात बोटीवर राहते. तिच्या छपरावर कोंबड्या आहेत. कपाटांना आकडे लावलेत, म्हणजे बोट हलली तरी बशा पडत नाहीत. आणि पुस्तकात बजावलंय की सगळ्यांनी एका अंगाला कधी उभं राहू नये.

"नवरा हाय का तिला?"

"आहे. पण तो पलीकडच्या गावात असतो."

"मंग बरं हाय की. आन् पाव्हणं?"

"पाहुणे काठावरून हाक मारतात. तिनं फळी टाकली तर आत यायचं. नाही टाकली तर परत जायचं."

आत्याबाईंची सुई थांबली. "फळी टाकायची का न्हाई, ते तिच्या मनावर?"

"हो."

"आजून एकदा सांग."

मी आणखी एकदा सांगितलं. पुढचा आठवडाभर तेवढंच सांगत होते. कालवे, हंस, सूर्यास्त यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना ती फळी हवी होती.

त्याला कारण आमचं घर. ते एस.टी.च्या थांब्यासमोर. मामा, म्हणजे माझे सासरे सहादेव, ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. गाडी चुकलेला, गाडी न चुकलेला, गाडीशी संबंधच नसलेला असा प्रत्येक माणूस त्यांना पाहुणा वाटायचा. "या, या! च्या टाका गं!" ही आरोळी ते माणसाचं तोंड बघायच्या आधी द्यायचे. एकदा त्यांनी पोस्टाच्या पेटीला रंग द्यायला आलेल्या माणसाला जेवायला घालून रात्रभर ठेवून घेतला. लग्न होऊन आल्यापासून आत्याबाई चुलीपुढून उठल्या त्या बाळंतपणाला, आणि तेव्हाही पाहुणे बघायला आलेच.

दसरा झाल्यावर आत्याबाईंनी मच्छिंद्र सुताराला बोलावलं.

आमच्या भागात पुराच्या दिवसांत नदी ओलांडायची ती काहिलीत बसून. गूळ करायची ती भलीमोठी लोखंडी कढई. ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून आमचं गुऱ्हाळ बंद होतं आणि दोन काहिली परसात पालथ्या पडून होत्या. त्यांच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. आणखी दोन थोरल्या मामांच्या. थोरले मामा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, बन्सी पाटील. चार काहिली गावाखालच्या नदीच्या डोहात सोडायच्या, वर बांबूचा तराफा, त्याच्यावर उसाच्या पाचटाचं छप्पर, असा आत्याबाईंचा बेत.

"वैनी, दार कुठल्या अंगाला?" मच्छिंद्रनं विचारलं.

"पूर्वेला."

"आवो, पर ती फिरनार की!"

"फिरंल तवा फिरंल. तू पूर्वेला कर."

त्यानं केलं. उंबराही केला, कारण बिनउंबऱ्याच्या घराला घर म्हणत नाहीत. त्या उंबऱ्याला तो स्वतःच दोनदा अडखळून पाण्यात पडला.

माझे यजमान श्रीमंत, शाळेत मास्तर. त्यांनी मला बाजूला घेतलं. "माला, हे तू आईच्या डोक्यात भरवलंस?"

"मी फक्त भाषांतर केलं."

"मग आता उलटं भाषांतर कर."

मी प्रयत्न केला. आत्याबाईंना पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला तरी कुठं येतं? तू काय घराभाईर पडत न्हाईस का?" बाई बुडाली तर काय, या विचारानं माझी भाकरी घशाखाली उतरेना. त्या मात्र डोहाकडं बघत खुशाल पान खात बसल्या होत्या.

पण खरी अडचण उपटली ती भावकीकडून. थोरले मामा म्हणाले, "निम्मी बोट माजी. वास्तुशांत झाल्याबिगर कुनी ऱ्हायाचं न्हाई." मामांना तर तेवढंच हवं होतं. त्यांनी पंचक्रोशीला आवतण दिलं. जे घर पाहुणे टाळायला बांधलं, त्याच्यावर पहिल्याच दिवशी अख्खं गाव चढणार!

वास्तुशांतीच्या दिवशी मी काठावरून हलायचं नाही असं ठरवलं होतं. पण नव्या घरात नातवंडाचं पाऊल आधी पडावं लागतं. आत्याबाई बेबीला कडेवर घेऊन फळीवरून गेल्या. मी बेबीच्या कमरेला सुती दोर बांधला होता आणि दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"म्हैस पान्यावर नेलीया का गं माला?" लंकाबाई ओरडली. ही थोरल्या मामांची सून. मग ती आणि भावकीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन बोटीवर चढल्या. कुणी या कोपऱ्यात, कुणी त्या कोपऱ्यात. बोट चांगली समतोल बसली. पुस्तकातलं चित्र आणि हे यात फरक इतकाच, की त्या चित्रात एवढी नऊवारी लुगडी नव्हती.

मग थोरले मामा आले. फेटा, काठी, उपरणं. त्यांनी एक पाय फळीवर ठेवला आणि घसा खाकरला.

आमच्याकडं सासरा किंवा थोरला दीर खाकरला, की बाईनं डोक्यावर पदर ओढून मागं सरायचं. घरात मागं भिंत असते. बोटीला भिंत नव्हती. सगळ्या बायका एकदम उठल्या आणि मर्यादेनं, शिस्तीत, बोटीच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

बोटीचा अलीकडचा काठ हवेत गेला. फळी सटकली. थोरले मामा फेट्यासकट खाली, कमरेइतक्या गाळात. पलीकडच्या दोन काहिलींत डबडब पाणी शिरायला लागलं. तिकडं गाळ नव्हता. तिकडं डोह होता. आणि तिकडंच आत्याबाई उभ्या होत्या, कडेवर माझी बेबी.

माझ्या हातातला दोर ताठ झाला. मी ओढला असता तर बेबी त्यांच्या कडेवरून निसटली असती. सोडला असता तर... मी ना ओढला, ना सोडला.

"म्होरं या!" मामा काठावरून ओरडत होते. "आगं, म्होरं सरका समद्या!"

"मामंजी समूर हायेत न्हवं!" लंकाबाई पदराआडून म्हणाली. पाणी तिच्या घोट्यांवर आलं होतं. "त्यांच्या म्होरं कसं जायाचं?"

बुडत होत्या, पण एकीचंही पाऊल पुढं पडेना. चिखलात उभे असलेले थोरले मामा डोळे वटारून नेमके त्यांच्याकडंच बघत होते.

मग एक आवाज आला. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आत्याबाई लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायच्या.

"भावजी! त्वांड फिरवा!"

थोरल्या मामांचं तोंड उघडं राहिलं.

"ऐकू येत न्हाई का? त्वांड फिरवा तिकडं!"

आणि थोरले मामा वळले. गाळातून एकेक पाय उपसत, नदीकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून, शाळेत कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखे. त्याबरोबर बायका धावत पुढं आल्या. बोट धाडकन खाली बसली. बेबी टाळ्या पिटत होती. तिला ते आणखी एकदा हवं होतं.

काहिलींतलं पाणी ताटांनी उपसलं. फळी परत लावली आणि बायका उतरल्या. शेवटी आत्याबाई फळीवरून आल्या, बेबीला माझ्या हातात दिलं, दोराची गाठ स्वतः सोडली आणि म्हणाल्या, "घे तुजी लेक. लई धीराची हाय. तुज्यावर न्हाई गेली." एवढं बोलून त्या परत बोटीवर गेल्या, फळी आत ओढली आणि बांबूनं काठाला रेटा दिला. काठावरच्या खुंटाला बांधलेला बोटीचा दोर पुरेल तितकी बोट आत गेली.

थोरले मामा थरथरत होते, थंडीनं आणि अपमानानं. "भावजय मला भर गावात हुकूम सोडती? सहादू, माज्या दोन काहिली आत्ताच्या आत्ता पायजेत!"

दोन काहिली काढल्या असत्या तर उरलेल्या दोनांवर तो तराफा टिकला नसता. सगळे मामांकडं बघायला लागले. जन्मभर प्रत्येकाला "या, या" म्हणणारा तो माणूस. त्यांनी थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर कधी बैलही विकला नव्हता.

मामांनी डोकं खाजवलं. "दादा, तुमच्याच हायेत. घिऊन जावा."

"कसं जाऊ? बसून जायाच्या काहिली तर समद्या तिच्याखाली हायेत."

"त्ये खरं. आन् गेला तरी, ती एकटीच हाय तितं. थोरल्या दिरानं असं एकट्या भावजयीच्या घरात पाय ठिवनं..." मामांनी मान हलवली. "लोक काय म्हंतील?"

मर्यादा थोरल्या मामांनीच आयुष्यभर सगळ्यांना शिकवली होती. ते फेटा पिळत घरी गेले. मामांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि डोळा मिचकावला. सासऱ्यानं सुनेला डोळा मिचकावणं कुठल्या मर्यादेत बसतं ते मला माहीत नाही. मी पदर पुढं ओढला आणि त्याच्याआड पोटभर हसून घेतलं.

तेव्हापासून आत्याबाई बोटीवरच आहेत. ओसरीवरचे पाहुणे आता मामांच्या हातचा चहा पितात, त्यामुळं बरेच कमी झालेत. दिवस मावळायच्या आत मामा काठावर जाऊन हाक मारतात. त्या फळी टाकतात, किंवा टाकत नाहीत. टाकली नाही त्या दिवशी मामा काठावर बसूनच भाकरी खातात आणि दोघं पाण्यावरून गप्पा मारतात. घरात एवढ्या गप्पा मी त्यांच्या कधी ऐकल्या नव्हत्या. दुपारी मी काठावर बसून पुस्तकं सांगायची. तेही चांगलं मोठ्यानं, कारण मध्ये पाणी.

पण यांची बदली पारनेरला झाली. तिथं विहिरीलाही पाणी खोल. बेबीसाठी त्याहून निर्धास्त गाव शोधून सापडलं नसतं, आणि मला झोप नाही. मामांना संध्याकाळी नीट दिसत नाही. भावकीला विचारावं तर भावकी बुडायची वाट बघतेय. आत्याबाईंना पोहणं अजून येत नाही. "शिकते" म्हणाल्या, तेही मला गप्प करायला. काहिलींची बुडं वर्षानुवर्षं जाळावर राहून पातळ झालीत. डांबर फासलंय, पण डांबर ते किती दिवस धरणार? आणि आता पुन्हा आषाढ येतोय, वरच्या धरणातून पाणी सुटेल.

तेव्हा तुम्ही कोपरगावच्या पुलावरून कधी गेलात, तर गाडीत उजव्या बाजूला बसा आणि डोहाकडं बघा. काहिलींचा काळा काठ पाण्याच्या वर वीतभर दिसला पाहिजे. छपरावर लुगडं वाळत असलं पाहिजे. काठ त्याहून कमी दिसला, तर गाडी थांबवा, खाली उतरा आणि जोरात हाक मारा, "गोजराक्का, बऱ्या हायेत का?" पहिल्या हाकेला त्या मुद्दाम ओ देणार नाहीत. दुसरी मारा. आणि काय म्हणाल्या ते मला पारनेरला कळवा, शिव्या दिल्या असतील तर त्याही जशाच्या तशा.